शिफारस मातृभाषेची, अहवाल इंग्रजीत!

आपल्याकडे विद्यापीठे सुधारण्याची वेळ आली की आयोग नेमला जातो, आणि आयोग बसला की तो इंग्रजीतच विचार करू लागतो. १९४९ साली डॉ. राधाकृष्णन आयोगाने सांगितले की, उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीच्या जागी शक्य तितक्या लवकर भारतीय भाषा आणावी. १९६६ साली कोठारी आयोगाने त्यासाठी दहा वर्षांची मुदतही सुचविली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक तर आपले मराठी गृहस्थ! पण गंमत अशी की, दोन्ही अहवाल लिहिले गेले इंग्रजीत. ज्यांच्या मुलांसाठी हा सारा खटाटोप, त्या आईबापांपैकी बहुतेकांना ते वाचताही आले नसते.

देशी भाषांतून शास्त्रे शिकविताच येत नाहीत, असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान आजही भेटतात. त्यांनी हैदराबादकडे पाहावे. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून तेथे परिभाषा घडविली गेली, शेकडो पुस्तके तयार झाली, आणि वैद्यक व इंजिनिअरिंगदेखील उर्दूतून शिकविले गेले. निजामाचा खजिना पाठीशी होता, हे खरे. राज्यातील बहुसंख्य प्रजा घरी तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलत असे; मराठवाड्यातील मुलाला उर्दूही परकीच, हेही खरे. पण ‘हे होतच नाही’ हा आक्षेप मात्र तेथे खोटा ठरला. १९४८ नंतर तेथेही इंग्रजी आली.

दुसरा प्रयोग आपल्या घरचा. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले. पैसा आला, मुली आल्या. परंतु कायदेशीर विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. सरकारदरबारी न चालणारी पदवी घ्यायला मुलीला पाठविणाऱ्या त्या आईबापांचे धैर्य थोर म्हटले पाहिजे!

लक्षात घ्या, या दोन्ही विद्यापीठांत इंग्रजी हा विषय सक्तीचाच होता. भांडण इंग्रजीशी नाही. इंग्रजी उत्तम यावी. पण तिच्यावाचून ज्ञानाचे दार उघडूच नये, हा कुठला न्याय? खेड्यातून आलेल्या मुलाला उत्तर ठाऊक असते, पण वाक्य जुळेपर्यंत तास संपतो, आणि तो ‘ढ’ ठरतो.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पुन्हा मातृभाषेचा पुरस्कार केला. २०२१ पासून इंजिनिअरिंग मराठीतून शिकण्यासही परवानगी आहे. पण आईबाप विचारतात, ‘पुढे नोकरी मिळेल का?’ त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? मुलाखत इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, प्राध्यापकाची बढती ज्या लेखांवर अवलंबून तेही बहुधा इंग्रजीत. मग एकट्या विद्यार्थ्याने मराठीचा झेंडा का खांद्यावर घ्यावा? पुस्तके, परीक्षा आणि नोकरी ही तिन्ही एकाच वेळी हलली, तरच माध्यम हलेल.

तोवर घरात एक गोष्ट करता येईल. या दिवाळीत कॉलेजातली लेक फराळाला बसली की तिला म्हणा, ‘तू काय शिकतेस ते आजीला समजेल असे सांग बघू.’ ती अडखळली तर हसू नका. शब्द शोधायला तिच्याबरोबर आपणही बसा.