दूरचित्रवाणीला इंटरनेटची जोड : उपकरण निवडताना

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राची सुरुवात झाली. त्या काळी संच घरात येणे हाच सोहळा असे. गच्चीवर अँटेना एकदा योग्य दिशेला फिरला की पुढे निवडण्यासारखे काही उरत नसे. आज मात्र संच भिंतीवर लागल्यानंतरच खरी निवड सुरू होते. खुद्द प्रसार भारतीनेही २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे आपले इंटरनेट व्यासपीठ सुरू केले.

या बदलाचे अप्रूप महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना अधिक आहे. इंदूर, बडोदा वा हैदराबाद येथे मराठी वाहिनी दिसणे हे एकेकाळी केबलवाल्याच्या मर्जीवर अवलंबून असे. आता मराठी मालिका वा चित्रपट पाहण्यासाठी गावाची अट राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो उपकरणाचा.

खरेदीस निघण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहणे श्रेयस्कर. पुष्कळ घरांतील सहा-सात वर्षांपूर्वीचा स्मार्ट टीव्ही चित्र उत्तम दाखवतो, परंतु त्यातील प्रणाली मंदावलेली असते आणि नवी ॲप त्यावर चालत नाहीत. पडदा दीर्घकाळ टिकतो, प्रणाली तेवढी टिकत नाही. ‘टीव्ही बिघडला’ असे समजून नवा संच हप्त्यावर घेतला जातो, ही अनावश्यक खरेदी होय. अशा संचाला काही हजारांची स्टिक जोडली तरी तो पुन्हा कामास येतो. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत रु. ३,९९९ होती. अट एवढीच की संचाला एचडीएमआय जोडणीची सोय हवी. लाल, पांढऱ्या व पिवळ्या खोबण्या असलेल्या जुन्या संचाला ती थेट लागत नाही. ब्रॉडबँड घेताना कंपनीकडून सेट-टॉप बॉक्स मिळाला असेल, तर आधी तो वापरून पाहावा.

तथापि स्टिक वा बॉक्स यांचे आयुष्यही त्यांच्या निर्मात्याच्या हाती असते. गुगलचे क्रोमकास्ट डिसेंबर २०१४ मध्ये रु. २,९९९ किमतीस भारतात आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये तर दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे जगभर एकाएकी काही दिवस बंद पडली. उपकरणे धडधाकट होती. त्यांतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कंपनीने पुढे दुरुस्ती पाठवली. म्हणून दुकानदाराला वॉरंटीबरोबरच, या उपकरणास सुधारणा किती वर्षे मिळणार, हेही विचारावे. त्याला उत्तर बहुधा ठाऊक नसते. ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधावे.

खोक्यावरील ‘फोर-के’ ही अक्षरे पाहून भुलू नये. नेटफ्लिक्ससारख्या सेवा सुस्पष्ट चित्र केवळ प्रमाणित उपकरणांनाच देतात. इतरांवर तीच मालिका धूसर दिसते. शिवाय फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस, तर फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. दोन भिंतींपलीकडील खोलीत वाय-फाय क्षीण पोहोचत असेल, तर महागडी स्टिकही अडखळते. अशा ठिकाणी लॅन केबलची सोय असलेला बॉक्स अधिक उपयुक्त.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती ‘सर्व वाहिन्या आजन्म मोफत’ अशा बोलीवर विकल्या जाणाऱ्या निनावी बॉक्सबाबत. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. अनेक स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये विक्रीपूर्वीच घातक सॉफ्टवेअर भरलेले आढळले. काहींत ते अनधिकृत ॲपमधून शिरले. असा बॉक्स वरकरणी चित्रपट दाखवत राहतो आणि आत घरचे इंटरनेट गुन्हेगारांना वापरू देतो. त्याच वाय-फायवर घरातील कोणीतरी नेट बँकिंग करीत असते. बँकेचा व्यवहार सांकेतिक स्वरूपात जात असला, तरी घरच्या जाळ्यात असा पाहुणा कोणास हवा? नामांकित निर्माता आणि भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह पाहूनच खरेदी करावी.

दुसरा धोका उपकरण जोडताना उद्भवतो. पडद्यावर एक संकेतांक उमटतो व तो मोबाइलवर भरावयाचा असतो. येथे अडलेले ज्येष्ठ नागरिक इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतात आणि नेमके ठकसेनाच्या हाती सापडतात. ‘ॲक्टिव्हेशन शुल्क’ मागणे वा स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवून घेण्यास सांगणे, ही त्यांची ठरलेली रीत. संकेतांक भरून उपकरण जोडण्यास कोणतेही वेगळे शुल्क नसते. फसवणूक झालीच, तर तत्काळ बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

उपकरणाची किंमत एकदाच द्यावी लागते, वर्गणी मात्र पुनःपुन्हा. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेनुसार कार्डावरील स्वयंचलित वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना जाते. जून २०२२ मध्ये ही मर्यादा रु. १५,००० झाली, त्या रकमेपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. साहजिकच, न वाचलेल्या एसएमएसमागून पैसे निमूट वळते होतात. टीव्हीवरील ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. वर्गणी त्या सेवेच्या खात्यातूनच रद्द करावी लागते, अथवा बँकेकडे दिलेला ई-मँडेट रद्द करावा लागतो.

आणि जुनी स्टिक भाच्याला वा शेजाऱ्याला देताना तीवरील आपले खाते काढून ‘फॅक्टरी रीसेट’ अवश्य करावे. अन्यथा चित्रपट तो पाहील आणि भाडे जुन्या मालकाच्या कार्डावर लागेल.