कागद स्कॅन होतील. छापायचे कुणाला विचारून?

एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि जतन करणारी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, तेव्हापासून सगळी चर्चा स्कॅनरभोवतीच फिरते आहे. स्कॅन झालेले पान पुढे कोणी, कशासाठी वापरायचे, हे कुणी विचारत नाही.

एका दप्तरखान्यातून मी पेशवेकालीन मोडी पत्राची प्रत मागवली होती. शुल्क भरले, महिन्याभराने फाइल आली. पानभर तिरका वॉटरमार्क, संस्थेच्या नावाचा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. बोरूच्या एका वळणावर वाचन ठरते. मला अडलेली अक्षरे नेमकी त्या नावाखाली गेली होती. वर अट अशी, की लेखात पान छापायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या अक्षरावर हा हक्क कसला?

कायदा तर अभ्यासकाच्या बाजूचा आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात वा संग्रहालयात ठेवलेले अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर, संशोधनासाठी आणि प्रकाशनासाठीही उतरवून घेता येते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातच तशी सोय आहे. संस्थांची ओढाताण मला ठाऊक आहे. प्रत काढण्याची मजुरी त्यांनी जरूर घ्यावी. पण मजुरी घेतली म्हणून मजकुराची मालकी येत नाही.

प्रत अडवून ठेवण्यात तोटा संस्थेचाच असतो, हे अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियमला एका चित्राने शिकवले. चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या पिवळट, भ्रष्ट नकला इंटरनेटवर इतक्या पसरल्या, की संग्रहालयाच्या दुकानातले खऱ्या रंगांचे पोस्टकार्ड लोकांना खोटे वाटू लागले. चांगली प्रत आपणच खुली करणे, हाच त्यावर उपाय होता. २०१२मध्ये त्यांनी सव्वा लाख कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा इंटरनेटवर ठेवल्या. जपून ठेवलेल्या वस्तूची अब्रू अशी राखायची असते.

सरसकट सगळे खुले करा, असे मी म्हणत नाही. हयात माणसांची खासगी पत्रे, देणाऱ्याने ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवायला सांगितलेली बाडे, यांना कुलूप हवेच. मात्र ते का आणि किती वर्षे, हे नियमात लिहिलेले हवे. टेबलामागच्या माणसाच्या मर्जीवर नको.

तुमच्या माळ्यावर पोथ्या किंवा जुनी पत्रे असतील आणि कुणी स्कॅनिंगसाठी मागायला आले, तर अवश्य द्या. देताना एवढे लेखी घ्या: प्रतींवर वॉटरमार्क नसेल आणि अभ्यासकांना त्या विनाशुल्क छापता येतील.