पणजोबा सापडतात ताडीच्या नोंदवहीत!

स्कॉटलंडमधल्या माणसाला आपले खापरपणजोबा ३ एप्रिल १८८१ च्या रात्री कुठल्या घरात मुक्कामाला होते, हे आज घरबसल्या पाहता येतं. घरात माणसं कोण, वय किती, धंदा काय, जन्म कुठला, सगळं ओळीने लिहिलेलं. १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या तिथल्या खानेसुमाऱ्या लोकांना खुल्या आहेत. शंभर वर्षं उलटली की पुढची उघडायची, असा तिथला नेम आहे.

त्याच वर्षी, दीडेक महिना आधी, १७ फेब्रुवारी १८८१ ला आपल्याकडेही देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. ठाणे जिल्हा मोजला गेला, खाडीकाठची गावं मोजली गेली. त्या मोजणीत आजच्या नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एखाद्या पाटलाने किंवा म्हात्र्याने आपले खापरपणजोबा शोधायचे ठरवले तर? सापडायचे नाहीत. छापील अहवालांत आकडे आहेत, नावं नाहीत. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने तर दाराला कडीच घातली: जनगणनेची वही पाहायला मागण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि कोर्टात ती पुरावा म्हणूनही चालत नाही.

पण हिरमुसू नका. आपल्या पूर्वजांची नावं दुसऱ्याच कागदांत दडलेली आहेत. सरकारला त्यांच्याकडून सारा हवा होता, कर हवा होता, जबाब हवा होता. म्हणून कारकुनाने नाव विचारलं आणि लिहून ठेवलं. आठवण म्हणून कुणीच काही लिहिलं नाही, तरी आठवण राहिली. आणि ती शोधण्यात महाराष्ट्रातली कितीतरी साधी माणसं आज इतकी तरबेज झाली आहेत की त्यांच्यापुढे परदेशातल्या हौशी मंडळींनीही बसून शिकावं.

मागचं दार

जनगणनेच्या बंद वाड्याला एक मागचं दार आहे. १९५१ च्या जनगणनेतल्या चिठ्ठ्यांवरून गावोगावची माणसं घरवार उतरवून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार केलं गेलं. आसामात त्यावरून मोठं राजकारण झालं, म्हणून ते नाव आपल्याला तिथलंच वाटतं. पण महाराष्ट्रातही जुन्या नोंदी धुंडाळायच्या महसुली कागदांच्या यादीत ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर १९५१’ आहे. नशिबाने आपल्या गावाचं पान हाती लागलं, तर तो खजिना समजा.

ही यादी वाचाच

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हा कुठले कागद पाहायचे याची यादी निघाली. ती आरक्षणासाठी होती. पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला इतकं चांगलं मार्गदर्शक मराठीत दुसरं मिळणं कठीण. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. खरेदीखत, इसारपावती, दत्तकपत्र, मृत्युपत्र. पोलिसांची गाववारी आणि अटक पंचनामे. तुरुंगातली कच्च्या कैद्यांची नोंदवही. आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याची ताडी नोंदवही!

ताडीचं कोकणपट्टीतल्या घरांनी विशेष मनावर घ्यावं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडामाडावर चढणारा, ताडी विकणारा माणूस सरकारच्या कागदावर आला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, सातबारा ज्याला ओळखत नव्हता, तो इथे सापडू शकतो. अटक पंचनाम्यात किंवा कैद्यांच्या वहीत पणजोबा निघाले तरी लाजू नका. तिथे वडिलांचं नाव, गाव आणि जात मिळण्याची चांगली शक्यता असते, आणि वंशावळीला तेवढं पुष्कळ झालं.

सगळ्यांचा वाढदिवस १ जूनला

जुन्या पिढीतल्या दहा जणांना जन्मतारीख विचारा; दोघं-तिघं तरी १ जून सांगतील. शाळेत नाव घालताना पालकांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून मोकळे होत. म्हणून शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेवर भिस्त ठेवू नका. वर्षही एखाददुसऱ्याने मागेपुढे धरा. स्कॉटलंडच्या १८४१ च्या खानेसुमारीतही पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, ३९ चा माणूस ३५ चा. तिथे हुकूम होता. आपल्याकडे विचारल्यावर लोकच चाळीस, पन्नास, साठ असं गोल वय सांगत, आणि जुन्या शिरगणत्यांच्या तक्त्यांत त्या आकड्यांवर माणसांचे ढीग दिसतात.

जन्माच्या रजिस्टरात आणखी एक गंमत आहे. नोंद बारशाच्या आधी झालेली असे, त्यामुळे बाळाला नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. कितीतरी जण आपल्या आजीचं नाव शोधत पानंच्या पानं उलटतात आणि रिकाम्या हाताने परततात. नाव शोधू नका. बाप आणि साल शोधा.

सातबारा म्हणजे कुटुंबाची कहाणी

आता रबाळ्याकडे येऊ. ऐरोली आणि घणसोलीच्या मधलं हे स्टेशन. प्रवाशांना इथले एमआयडीसीचे कारखाने आणि आयटी कंपन्या माहीत, पण रस्त्याला लागून गावठाण आहे आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आगरी-कोळी घरं. भातशेती, मीठ, मासळी यांवर जगलेल्या या पट्टीत साठच्या दशकात कारखान्यांसाठी आणि १९७० साली सिडको आल्यावर नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. नव्या मुंबईखाली एकूण ९५ गावं आली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनींसाठी उरण भागात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा भूखंड परत.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराशी नातं दाखवायचं. खातेदार केव्हाच गेलेला. मग वारस दाखला आला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आलं. ज्यांच्या मुलांना शिक्षणासाठी जातीची पडताळणी हवी, त्यांनाही तेच. आगरी इतर मागासवर्गात मोडतात, म्हणून पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. या दोन गरजांपायी खाडीकाठच्या घराघरांत कुणी ना कुणी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, वाचायला शिकलं. जमीन गेली, पण खापरपणजोबांची नावं घरातल्या पोरांना पाठ झाली. हे ज्ञान लोकांनी फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे, त्याचा मान ठेवायला हवा.

हे फेरफार वाचायचे कसे? समजा, जुन्या उताऱ्यावर तुमच्या पूर्वजाच्या नावापुढे ‘५ आणे ४ पै’ लिहिलंय. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. हिशेब केला तर बरोबर एक तृतीयांश हिस्सा. म्हणजे हे तिघं भाऊ असणार. दोघं शोधायचे राहिले! ४ आणे असेल तर चौघं. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंब मॅनेजर: वडील भावाच्या एका नावामागे अख्खं घर उभं आहे, बाकीचे पुढच्या कुठल्यातरी वाटपाच्या फेरफारात बाहेर येतील. आणि ‘अ.पा.क. आई’ असं दिसलं तर थांबा. अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागलंय, म्हणजे बाप मुलं लहान असताना गेला. तीन अक्षरांत एका घराचं केवढं दुःख! आणि त्याच ओळीमुळे खापरपणजीचं नाव कळतं, जे एरवी कळायला मार्ग नव्हता.

बायकांची नावं शोधायची आणखी एक जागा आहे: ‘इतर हक्क’. बाप वारल्यावर कब्जेदारांत भावांची नावं चढत आणि बहिणींची इतर हक्कात लिहिली जात. हा अन्याय होताच. पण आत्या कुणा-कुणाला, कुठल्या आडनावात दिल्या, हे शोधायला त्या रकान्याइतकी चांगली जागा नाही. छापील कुलवृत्तान्त असणाऱ्या घराण्यांतही लेकीची शाखा बहुधा तिच्या लग्नापाशी संपते. सातबारावर ती निदान हक्क सांगत उभी असते.

पूर्वज दुसऱ्याची जमीन कसत असतील तर कुळाचा रकाना बघा. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हा कूळकायद्यातला मोठा टप्पा. त्यानंतर त्या कायद्याच्या ‘बत्तीस ग’ कलमाखालच्या कामांत हजारो कुळं मालक झाली, आणि त्या कागदांत कसणाऱ्याच्या घराची माहिती मिळते.

जिल्ह्याने चकवा देऊ नये म्हणून

रबाळे ठाणे तालुक्यातलं, त्यामुळे त्याचे कागद ठाण्याला. पण नवी मुंबईतलीच पनवेल-उरणकडची गावं असतील तर जुन्या बस्त्यांवर ‘कुलाबा’ शोधा. १९८१ पर्यंत रायगडचं नाव तेच होतं. कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली, पण पनवेल-उरण त्यात आलं १८८३ साली. त्याआधीचं पुन्हा ठाण्यात. उलट पालघरवाल्यांनी २०१४ च्या आधीचं सगळं ठाण्याच्या नावाने मागायचं. जुने महसुली कागद स्कॅन करून संगणकावर आणण्याचं काम ज्या जिल्ह्यांत आधी झालं त्यांत ठाणे आहे. तेव्हा तहसीलच्या खेपा घालण्याआधी ‘आपले अभिलेख’ हे सरकारी संकेतस्थळ उघडून गावाचं नाव टाकून बघा.

मोडीची मात्र तयारी ठेवा. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लोंबकळवायची, शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, असा तो कारभार. पेशवाईतल्या कागदावर सालही अरबीत येतं. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार: ११७७. हे शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन येतो. फसलीत ५९० किंवा ५९१. शकात ७८. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून एका आकड्याचा फरक. असे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा बोलावणं येऊ लागलं, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

सरकारबाहेरचे चित्रगुप्त

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या आहेत. गाव, आडनाव, जात सांगितली की ते आपली लांबट वही काढतात आणि तुमच्या घरातलं आधी कोण, कधी, कशासाठी येऊन गेलं ते वाचून दाखवतात. आपण गेल्यावर आपलीही नोंद करून सही द्यायची. आजोबांची सही तिथे पाहिलेली माणसं तो क्षण विसरत नाहीत.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावकडे तर वंशावळच दारी येते. हेळवी समाजाची माणसं पूर्वी बैलावर बसून गावोगाव फिरत, ठरलेल्या घरांची वंशावळ म्हणून दाखवत, नवी बाळं त्यात जोडून घेत आणि धान्य घेऊन पुढे जात. सरकारी दफ्तर नाही, शिक्का नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब चोख.

सातासमुद्रापार

मॉरिशसमधली मराठी घरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जातात. १८३४ पासून मजुरीला गेलेल्या गिरमिटियांची रजिस्टरं तिथे आहेत. क्रमांक, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातल्या अनेकांचे चक्क फोटो! रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत ज्याचा मागमूस उरला नाही, त्याचा चेहरा मॉरिशसमध्ये जपलेला असू शकतो.

आणि उलटंही घडतं. स्कॉटलंडमधल्या कित्येकांची शोधाची वाट मुंबईत येते. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या लॉडर गावचे. १८७५ साली मुंबईतच वारले. गिरण्या, गोद्या, रेल्वे, पलटणी यांत आलेले त्यांचे देशबांधव इथल्या चर्चच्या रजिस्टरांत सापडतात. मुंबईच्या मोजणीतही गंमत आहे. १८६४ साली शहरात ८,१६,५६२ माणसं मोजली गेली आणि १८७२ साली ६,४४,४०५! अमेरिकेतल्या यादवीने आलेली कापसाची तेजी ओसरली तशी माणसंही पांगली. तुमचे पणजोबा त्या आठ वर्षांत मुंबईहून गावी परतले असतील, तर कारण कदाचित हेच.

स्कॉटलंडची १९३१ ची खानेसुमारी २०३२ मध्ये उघडायची आहे. इंग्लंड-वेल्सचे त्याच सालचे कागद १९४२ च्या आगीत गेले; स्कॉटलंडचे वेगळे ठेवलेले होते, म्हणून वाचले. आपल्या घरातले कागदही एकाच पिशवीत असतात. तेव्हा एक विनंती. साडेबारा टक्क्यांसाठी, पडताळणीसाठी घरात जे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र झालं असेल त्याच्या दोन-तीन प्रती काढा, वेगवेगळ्या घरांत ठेवा. त्यात सासरी गेलेल्या लेकींची नावं, गावं आणि त्यांची मुलं लिहा. आणि घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिच्यापाशी याच आठवड्यात वही घेऊन बसा. कुठल्याही दफ्तरात नसलेली नावं तिला माहीत आहेत.