सौर बंब पाणी का तापवत नाही?

पौषातली सकाळ. सिद्धेश्वरच्या धरणावरून गार वारा सुटलेला. घरात म्हातारी आई आहे, नाही तर लेक बाळंतपणाला आलेली आहे. गच्चीवर सौर बंब आहे, काल दिवसभर ऊनही लख्ख होते. आणि नळ सोडावा तर पाणी कोमट! मग चुलीवर हंडा चढतो आणि घरधनी म्हणतो, "उगाच पैसे घातले." वाचकहो, पैसे बुडालेले नसतात. बहुधा दुखणे लहान असते. ते कोठे आहे, एवढे मात्र ओळखता आले पाहिजे.

आधी हा बंब चालतो कसा, ते पाहू. पाणी तापले की हलके होते आणि वर चढते. गार पाणी जड, ते खाली उतरते. उन्हात ठेवलेल्या पेटीतील तांब्याच्या नळ्यांतून तापलेले पाणी वरच्या टाकीत जाते आणि टाकीच्या तळाचे गार पाणी पेटीत येते. दिवसभर हा रहाट चालू असतो. त्याला ना पंप, ना वीज. पण हे बळ फार नाजूक असते बरं का! वाटेत जरा अडथळा आला की रहाट थांबतो.

पहिला अडथळा हवेचा. उन्हाळ्यात नळाला पाणी एक दिवसाआड येते, गच्चीवरची गार पाण्याची टाकी रिकामी होते आणि नळ्यांत हवा शिरते. ती उंचवट्याच्या जागी अडकून बसते. हे ओळखावे कसे? दुपारी पेटीतून टाकीकडे जाणाऱ्या वरच्या नळीला उलट्या हाताने, सांभाळून, क्षणभर स्पर्श करावा. वरची नळी गरम आणि खालची गार, तर प्रवाह ठीक आहे. पेटी कढत आणि टाकीजवळची नळी गार, तर वाटेत हवा आहे किंवा नळी चोंदली आहे.

हवेवर उपाय सोपा आहे. मात्र तो दुपारी करू नये, सूर्योदयापूर्वी करावा. गार पाण्याची टाकी भरून घ्यावी. पेटीखालची तोटी उघडावी. पाणी प्रथम फुरफुरत येईल. धार सलग झाली की तोटी बंद करावी. मग घरातले गरम पाण्याचे नळ एकेक करून तसेच सोडावेत. बंबाच्या टाकीवर हवेची उभी नळी असते. तिच्या तोंडाशी माती किंवा गांधीलमाशीचे घर नाही ना, ते पाहावे. ही नळी कधीही बुजवू नये, ती बंबाचे नाक आहे. नळ्या मध्येच खाली-वर वाकल्या असतील, तर हवा पुनःपुन्हा अडकेल. गरम नळीला टाकीपर्यंत सतत चढच हवा.

दुसरा अडथळा क्षारांचा. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. बोअरचे पाणी पुष्कळदा जड, म्हणजे त्यात चुना व मॅग्नेशियम जास्त. पाणी तापले की पांढरी खपली धरते आणि अर्ध्या इंचाची नळी हळूहळू बुजते. ही खपली सौम्य आम्लाने काढतात. ते काम माहितगार कारागिराकडूनच करवून घ्यावे. पाणी फारच जड असेल, तर काचेच्या नळ्यांचा बंब बरा. त्यातील एखाद्या नळीच्या टोकाची चंदेरी झाक जाऊन ती दुधासारखी पांढरी झाली, तर आतली निर्वात पोकळी गेली असे समजावे. ती नळी बदलावी. रिकाम्या तापलेल्या नळीत मात्र गार पाणी सोडू नये, काच तडकते.

तिसरे कारण सावलीचे व धुळीचे. बंबाचे तोंड दक्षिणेला हवे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो. म्हणून उन्हाळ्यात न अडवणारे झाड हिवाळ्यात आडवे येते. काच पहाटे पाण्याने धुवावी.

चौथे कारण घरातच दडलेले असते. गार-गरम एकत्र करणारी तोटी नीट बंद होत नसेल, तर गार पाणी चोरपावलांनी गरम नळीत शिरते. दोष तोटीचा, आणि बोल लागतो बंबाला!

थंड देशांत घराघरांतून भिंतीलगत लोखंडी रेडिएटर असतात. पंपाच्या बळावर त्यांतून गरम पाणी खेळवून खोल्या उबदार ठेवतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हीच नाडीपरीक्षा उपयोगी पडते. रेडिएटर वर गार व खाली गरम, तर आत हवा. यंत्र निवल्यावर किल्लीने ती सोडावी. खाली मधोमध गार, तर गाळ. जवळचे रेडिएटर कढत आणि शेवटचा गार, तर ती आपल्या कालव्याचीच गोष्ट: वरच्यांनी भरपूर घेतले की शेपटीला पाणी पोचत नाही. जवळच्यांच्या झडपा थोड्या आवळल्या की शेवटच्यालाही ऊब मिळते.

शेवटी हिशेब सांगतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते. तेवढे काम ऊन रोज फुकट करून जाते. तेव्हा चुलीला लाकूड लावण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन नळीला हात लावून पाहा.