हातघडणीच्या पोलादी सायकलीचे मोल

उपनगरांतील जुन्या इमारतींच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली काळी सायकल सोसायटीच्या साफसफाईत किलोच्या भावाने भंगारात जाते. मुलुंड-बोरिवलीहून पहाटे महामार्गावर निघणारे दीर्घ पल्ल्याचे सायकलस्वार मात्र हाताने घडविलेल्या पोलादी फ्रेमची आस बाळगतात. परदेशी कारागिराकडून ती करवून घेतली, तर खर्च सहज लाखावर जातो. एकाच धातूच्या किमतीत एवढे अंतर कशामुळे?

उत्तर नळीच्या भिंतीत आहे. दूधवाल्याची सायकल ओझ्यासाठी बनलेली. तिच्या नळ्या साध्या पोलादाच्या आणि जाड, त्यामुळे वजन वीस किलोंच्या घरात. 'पोलाद म्हणजे जड' हा समज तिथूनच रुजला. बर्मिंगहॅममधील खिळे बनविणाऱ्या घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोडाच्या जागी उष्णता आणि ताण दोन्ही अधिक, म्हणून जाडी तिथेच ठेवायची. १९३५ मध्ये त्यांच्या कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त '५३१' पोलाद आणले. अशा नळीची भिंत टोकाला ०.८, तर मध्ये अवघी ०.५ मिलिमीटर असू शकते. अख्खी फ्रेम दोन किलोंच्या आत बसते.

एवढी पातळ नळी जोडणे हे कसबाचे काम. पितळेचा डाख सुमारे ९०० अंशांवर वितळतो. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली, तर पोलादाची ताकद घटते. कारागीर तापलेल्या धातूचा रंग पाहून हात आवरतो. शिवाय पाय, धड व हातांची मापे घेऊन फ्रेम घडविली जाते, शिंप्याकडच्या सदऱ्यासारखी.

पोलादी सायकल धक्के पचवते, अशी ख्याती आहे. त्यात थोडी अतिशयोक्ती असावी; आराम बराचसा टायरची रुंदी आणि हवेवर अवलंबून असतो. खरा फायदा दुरुस्तीचा. ६०० किलोमीटर ४० तासांत कापणाऱ्याला आडगावातला गॅसवेल्डरही तात्पुरता आधार देऊ शकतो. ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर उष्णतेची वेगळी प्रक्रिया लागते.

मुंबईतील खरा शत्रू गंज, आणि तोही आतून. पावसात भिजल्यावर सीटची दांडी काढून सायकल उलटी ठेवावी, पाणी निथळू द्यावे आणि नळ्यांच्या आत तेलाचा थर द्यावा.

सायकल-उत्पादन या शहराला परके नव्हते. वरळीत 'हिंद सायकल्स'चा कारखाना होता. १९८० मध्ये कायद्याने त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे उत्पादन थांबले आणि रस्त्याच्या नावापुरती आठवण उरली.

तेव्हा जिन्याखालची सायकल भंगारवाल्याला देण्यापूर्वी सीटची दांडी काढून मोजावी. नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. भिंत पातळ असेल, तर आत जाडी दांडी मावते. माप २५.४ च्या आसपास भरले, तर फ्रेम साध्या जाड नळीची. २७.२ भरले, तर मात्र तिला घाईने तराजूवर चढवू नये.