मोठी टेक कॉन्फरन्स की छोटी? तिकीट काढण्याआधी हे वाचा

कॉन्फरन्सचा पास, प्रवासाचं तिकीट, दोन रात्रींचं हॉटेल आणि वर ऑफिसची रजा. कंपनी खर्च करणार असेल तर प्रश्नच मिटला. पण खिशातून पैसे घालणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या डेव्हलपरला वर्षाकाठी जेमतेम एक कॉन्फरन्स परवडते. मग ती कोणती निवडायची?

बहुतेक जण वक्त्यांची यादी बघून ठरवतात. गडबड होते ती इथेच. कितीतरी कॉन्फरन्समधली भाषणं नंतर यूट्यूबवर येतात, तीही फुकट. घरबसल्या मिळत नाहीत त्या दोन सत्रांच्या मधल्या, चहाच्या रांगेतल्या गप्पा. या गप्पांना टेकवाल्यांनी नावही दिलंय, 'हॉलवे ट्रॅक'. खर्च वसूल होतो तो बहुधा इथेच.

आता आकार बघू. डब्लिनमध्ये सुरू झालेली 'वेब समिट' 2016 पासून लिस्बनला भरते. तिथली गर्दी 70 हजारांच्या घरात गेलेली आहे. एवढ्या जत्रेत सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी पुन्हा दिसेल याची खात्री नाही. उलट 80-100 जणांच्या कार्यक्रमात दुसऱ्या चहापर्यंत निम्मे चेहरे ओळखीचे होतात आणि वक्ताही जेवायला शेजारीच बसलेला असतो.

पण नुसती डोकी मोजूनही चालत नाही. ब्रुसेल्समधल्या विद्यापीठात दरवर्षी 'फॉसडेम' भरते. प्रवेश फुकट, नावनोंदणी नाही, त्यामुळे हजारो लोक येतात. लोकप्रिय खोल्या भरल्या की दाराबाहेरच थांबावं लागतं. मात्र तिथे एकेका विषयाला वेगळी खोली असते. दिवसभर एकाच खोलीत ठाण मांडणारा माणूस खरं तर छोट्या कॉन्फरन्सलाच आलेला असतो. 2009 मध्ये बंगळुरूत सुरू झालेली आणि 2011 मध्ये पुण्यात भरलेली 'पायकॉन इंडिया' भाषणांच्या जोडीला 'स्प्रिंट'ही ठेवते. त्यात प्रोजेक्ट चालवणाऱ्यांच्या शेजारी बसून प्रत्यक्ष कोड लिहिता येतो. नवख्यासाठी ही संधी दहा भाषणांपेक्षा मोलाची.

छोट्या ठिकाणी सगळं गोडच असतं असंही नाही. जुन्या मंडळींचे कंपू जमलेले असतात आणि नवा माणूस मोबाइल चाळत कोपऱ्यात उभा राहतो. यावर एरिक होल्शर यांनी सुचवलेला 'पॅकमॅन नियम' बराच गाजला. घोळक्याने उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, म्हणजे पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखा आकार होतो आणि येणाऱ्याला आत शिरता येतं. कुठल्याही आयोजकांनी हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा, इतका तो सोपा आहे.

नोकरी शोधायची असेल, प्रॉडक्ट विकायचं असेल किंवा एकाच फेरीत बऱ्याच कंपन्या गाठायच्या असतील, तर मोठी कॉन्फरन्स बरी. फक्त भेटीच्या वेळा आधीच ठरवून जायला हवं. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मात्र आधी आपल्या शहरातल्या एखाद्या मीटअपला जावं. पुण्या-मुंबईत असे मीटअप होत असतात आणि अनेकांना फी नसते.

आणि पैसेच आड येत असतील, तर पायकॉनसारख्या कॉन्फरन्स गरजूंना आर्थिक मदतही देतात. तिचे अर्ज मात्र कार्यक्रमाच्या बरेच आधी बंद होतात, त्यामुळे वेबसाइटवर तारखा जाहीर झाल्या की पहिल्यांदा तेच पान उघडायचं.