खेळाचे मोठे पट : छपाई आणि जपणूक

व्यापाऱ्याच्या घरी कागद जपण्याची विद्या मुलांना निराळी शिकवावी लागत नाही. कीर्द, खतावणी, जुनी दस्तऐवजे लाल कापडाच्या बासनात बांधून वर्षानुवर्षे राखण्याची आपली रीत आहे. तथापि त्याच घरात खेळाचा पट मात्र चार-आठ घड्या घालून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकलेला आढळतो. खेळ तो खेळच, त्याची काय एवढी मातब्बरी, असा आपला समज असतो. हा समज किती महाग पडतो हे प्रस्तुत लेखकाच्या घरी नुकतेच प्रत्ययास आले, आणि त्यातून जी काही माहिती हाती लागली ती सभासद बंधूंच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडली आहे.

आमच्या घरी दादीच्या वेळचा ज्ञानबाजीचा एक कापडी पट आहे. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आज आपण ज्याला सापशिडी म्हणतो तिची ही थोरली बहीण होय. जैन परंपरेतील पटात बहुधा चौऱ्याऐंशी घरे असतात, प्रत्येक घराला कर्माचे, गुणाचे, गतीचे वा लोकाचे नाव असते आणि सर्वांत वर सिद्धशिलेची चंद्रकोर असते. कवड्या टाकाव्यात, दानाप्रमाणे चालावे, शिडी मिळाली तर चढावे, सापाच्या मुखी पडले तर उतरावे. पर्युषणाच्या दिवसांत घरोघरी हा पट पसरला जाई. महाराष्ट्रात याच जातीचा मोक्षपट प्रसिद्ध आहे. त्याचे जनकत्व लोकसमजुतीने ज्ञानेश्वर महाराजांकडे दिले जाते, पण त्याला भक्कम आधार मिळत नाही. पुढे हाच खेळ विलायतेत गेला, १८९० नंतरच्या दशकात तेथे छापून विकला जाऊ लागला, आणि घराघरांतील नावे गळून पडून नुसते आकडे उरले.

दादीचा पट आठ घड्यांत ठेवलेला होता. जेथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तेथे रंगाची खपली उडून खालचे कापड दिसू लागले होते, आणि तीन ठिकाणी कापडही विरले होते. सुमारे वीस वर्षांपूर्वी या लेखकानेच मोठ्या कर्तव्यबुद्धीने त्या फाटलेल्या जागांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली. आज ती पट्टी तांबूस पिवळी पडली आहे आणि तिचा डिंक कापडात मुरून खालची अक्षरे तेलकट झाली आहेत. नरकाचे एक घर तर आता वाचताच येत नाही. (यावर घरातील मंडळी जो विनोद करतात तो येथे सांगत नाही.)

जुने कारागीर हे पट कसे करीत हे समजले की त्यांचे शत्रू कोण हेही आपोआप समजते. आपल्या तेलंगणातच चेरियालचे चित्रपट आजही होतात. तेथे खादीच्या कापडावर तांदळाची खळ, पांढरी माती, चिंचोक्याची शिजवलेली लुकण आणि डिंक यांच्या मिश्रणाचे थरांवर थर देऊन मग चित्र काढतात. हे पट पुष्कळ लांब असतात आणि ते गुंडाळून ठेवतात. कापड वाकते, पण वरचा मातीचा थर वाकत नाही, तो तडकतो. म्हणून घडी हा पहिला शत्रू. खळ आणि चिंचोका हे कसरीचे आवडते खाद्य, म्हणून कीड हा दुसरा. आणि या दोघांचा साथीदार दमटपणा. शत्रुंजयाचे जे मोठे पट कार्तिकी पौर्णिमेस दर्शनासाठी मांडले जातात ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. चातुर्मासात बंद असलेली यात्रा त्या दिवशी सुरू होते, आणि ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य नसते ते पटापुढे वंदन करतात. तो पटही एक प्रकारचा नकाशाच होय. त्याची जशी निगा राखली जाते तशी खेळाच्या पटाची राखली गेली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

आता नव्या पटाकडे वळू. आमच्या नातवंडांना ज्ञानबाजीवरून एक कल्पना सुचली. त्यांनी व्यापाराचा एक डावपेची खेळ रचला. भैंसा, मुधोळ, बासर, निर्मळ, धर्माबाद, उमरी, नांदेड अशा बाजारपेठा, मधून गोदावरी, आणि कापसाच्या गाड्या कोणत्या वाटेने न्याव्यात याची चढाओढ. अशा खेळांना नकाशा मोठा लागतो. या प्रकाराचा मूळपुरुष प्रशियातील युद्धखेळ होय. थोरल्या राइस्विट्झने १८१२ मध्ये आपल्या राजाला जो खेळ दिला तो एका मोठ्या मेजाच्या रूपात होता. डोंगर-नद्यांच्या सुट्या फरश्या त्यावर मांडायच्या आणि खेळ संपला की मेजाच्याच खणांत ठेवायच्या, अशी त्याची योजना होती. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये ते अवजड मेज सोडून १ : ८,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घेतला आणि खेळ सैन्यभर पसरला. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये अशा खेळाची छापील आवृत्ती काढली, आणि १९६१ पासून त्यांच्या कंपनीच्या नकाशांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे आली. चौकोनी घरांत तिरपी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते. षट्कोनात सहाही दिशांना अंतर सारखेच असते, एवढेच त्याचे रहस्य.

मूळ नकाशा कोठून घ्यावा? १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून १ : ५०,००० प्रमाणाची पत्रके सार्वजनिक उपयोगासाठी खुली केली आहेत. या प्रमाणात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि एका पत्रकात उत्तर-दक्षिण सुमारे सत्तावीस किलोमीटर मुलूख येतो. भारताची बाह्य सीमा दाखवावयाची असेल तर ती याच विभागाच्या नकाशाबरहुकूम असली पाहिजे. चुकीची सीमा छापून प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो नकाशा खेळाचा का असेना. आणखी एक सूचना खास आपल्या भागासाठी. नकाशावर वर्ष अवश्य घालावे. आपला मुधोळ तालुका, आणि त्यात भैंसा, १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो आदिलाबाद जिल्ह्यात आला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ पासून आपण निर्मळ जिल्ह्यात आहोत. गाव जागचे हलले नाही, परंतु एका माणसाच्या हयातीत त्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला! वर्ष नसलेला नकाशा पुढच्या पिढीला फसवतो.

छपाईत आम्ही पहिल्यांदा सपशेल चुकलो. मोठे आणि स्वस्त म्हणून मुलांनी नकाशा फ्लेक्सवर छापून आणला. फ्लेक्स हा पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप दिलेला पडदा. तो रस्त्यापलीकडून वाचण्यासाठी असतो, म्हणून त्यावरील छपाईही बहुधा ठळकच केली जाते. मांडीजवळ घेऊन पाहिले तर गावांची नावे फुटलेली दिसली. त्यातून तो घडी करून माळ्यावर ठेवला. वैशाखाच्या उष्म्यात लेप मऊ होऊन छापील बाजू एकमेकींना चिकटल्या, आणि उघडताना गोदावरी बासरपासून पुढे सोलून निघाली.

दुसऱ्या खेपेस जे शिकलो ते असे. हातभर अंतरावरून वाचावयाचा नकाशा इंचाला तीनशे ठिपक्यांच्या आसपास असावा. छत्तीस इंच गुणिले चोवीस इंचांच्या नकाशास १०,८०० गुणिले ७,२०० ठिपके लागतात. षट्कोन समोरासमोरच्या बाजूंत दोन सेंटिमीटरचा घेतला तर दीड सेंटिमीटरची सोंगटी त्यात नीट बसते, आणि एवढ्या कागदावर सुमारे पंधराशे घरे मावतात. नकाशाच्या कोपऱ्यात बरोबर दहा सेंटिमीटरची एक रेघ काढून ठेवावी आणि छापून आल्यावर तीवर पट्टी धरावी. पुष्कळदा छापणारा यंत्राला ‘कागदात बसव’ अशी आज्ञा देतो आणि सारी घरे नकळत लहान होतात. रेघ साडेनऊ भरली की काय घडले ते कळते, आणि वाद घालावा लागत नाही. प्रथम एक वीतभर तुकडा पूर्ण आकारात छापून सोंगट्या ठेवून पाहावा. आमच्या सोंगट्या निर्मळच्या कारागिरांकडील हलक्या पोणिकी लाकडाच्या आहेत. त्या पडद्यावर दिसणाऱ्या घरात बसल्या होत्या, तुकड्यावरच्या घरात बसल्या नाहीत.

लहान यंत्रावर तुकडे छापून जोडणारांनी प्रत्येक तुकड्याला एक सेंटिमीटर ओवरलेली कड ठेवावी. कागद दमट हवेत आपल्या तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो, म्हणून सर्व तुकडे एकाच दिशेने कापलेल्या कागदावर छापावेत, नाहीतर पावसाळ्यात सांध्यावरची अर्धी घरे एकमेकांना भेटत नाहीत. पुठ्ठ्यावर चिकटवावयाचे असेल तर खातेवही बांधणाऱ्या कारागिराचा सल्ला घ्यावा. तो पुठ्ठ्याच्या मागील बाजूसही तितकाच कागद लावील. एकाच बाजूस ओला कागद लावला तर तो सुकताना पुठ्ठ्याला ओढून पापडासारखा वाकवतो. दुमडण्याच्या जागी कापडाची पट्टी लावून घ्यावी. झळाळते लॅमिनेशन दिव्याखाली डोळ्यांत चमकते, म्हणून निस्तेज घ्यावे, आणि एकदा केले की ते काढता येत नाही हे ध्यानात ठेवूनच करावे.

कापडावर छापण्याचा मोह भैंशाच्या माणसास होणारच. येथे एक गंमत आहे. सध्या सब्लिमेशन म्हणून जी कापडछपाई सर्वत्र चालते तिच्यातील रंग उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. कापसाच्या धाग्यात तो टिकत नाही, एक-दोन धुण्यांत फिका होतो. म्हणजे कापसाच्या पेठेतल्या मुलांना आपला पट परक्या धाग्यावर छापून घ्यावा लागतो. सुती कापडच हवे असेल तर रिअ‍ॅक्टिव्ह अथवा पिगमेंट शाईने छापणारा कारखाना शोधावा. कागदासाठीही साध्या रंगद्रव्याच्या शाईपेक्षा पिगमेंट शाई उन्हात अधिक टिकते.

जपणुकीविषयी मात्र जुन्या रीतींहून सरस असे फारसे काही मला सापडले नाही. कागदी नकाशा सपाट खणात राहिला तर उत्तमच, पण इतका मोठा खण घरोघरी कोठला? तेव्हा गुंडाळावे. कापडाच्या दुकानात ताग्यांतून निघालेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या फुकट मिळतात, पण त्या बारीक असतात. निदान चार इंच व्यासाची नळी घ्यावी, तिला धुतलेले मांजरपाट गुंडाळावे आणि पट नळीच्या आत न कोंबता बाहेरून गुंडाळावा. मांजरपाट धुणे आवश्यक आहे, कारण कोऱ्या कापडातील खळ कसरीस आमंत्रण देते. रंगवलेला पट असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवल्यास रंगाचा थर दाबला जाऊन सुटतो. वरून आणखी एक कापड, सैल नाडी, आणि नळी आडवी ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आतली ओल आतच राहते. रुईच्या गोदामात तर मुळीच ठेवू नये.

किडीचा प्रश्न आपल्यासाठी धर्माशी निगडित आहे. डांबरगोळ्यांनी जीव मरतात आणि त्यांचा वास लहान मुलांनाही अपायकारक असतो. आपल्या ज्ञानभांडारांनी किडीला मारण्यापेक्षा ती येऊच नये अशी व्यवस्था केली. घट्ट बांधलेले बासन, कोरडी जागा, वेखंडाची पुरचुंडी आणि वेळोवेळी हात फिरवणे. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस येते, म्हणजे पाऊस लागण्याच्या तोंडावर. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे पाऊस सरल्यावर. या दिवशी ग्रंथ काढून, पुसून, त्यांचे पूजन होते. दोन्ही आम्नायांनी एकेक तिथी धरली आणि मधला ओला काळ आपसूक दोहोंच्या बेचक्यात आला. आम्ही आता दोन्ही तिथींना खेळाच्या नळ्याही उघडतो. सावलीत तासभर पसरतो, ऊन लागू देत नाही.

राहिला दादीचा पट. तो आता खेळावयास काढीत नाही. त्याची छायाचित्रे घेऊन नवी प्रत छापून घेतली आणि खेळ तिच्यावर चालतो. साध्या मोबाइलच्या चार हजार ठिपके रुंदीच्या एका छायाचित्रात चोवीस इंचांचा पट इंचाला सुमारे १६६ ठिपकेच देतो, म्हणून पट चार भागांत, कडा एकमेकांवर येतील अशा रीतीने, उत्तरेच्या खिडकीच्या सौम्य उजेडात टिपला आणि प्रत्येक वेळी शेजारी पट्टी ठेवली. न वाचता येणारे ते घर मुलांनी प्रतीवर कोरेच सोडले आहे. अंदाजाने नाव भरू नये असा त्यांचाच आग्रह होता. ज्यांच्या घरी असा जुना पट असेल त्यांनी त्यातील घरांची नावे कृपया उतरवून पाठवावीत. चिकटपट्टी अद्याप तशीच आहे. ती काढणे हे जाणकाराचे काम आहे, आणि एकदा हात पोळल्यावर तो उद्योग पुन्हा करण्याचे धैर्य आम्हांला नाही.